नऊ ठिपके

माझ्या दुकानातल्या जॉबबुकाच्या प्रत्येक पानावर, खाली उजव्या कोपऱ्यात, नऊ ठिपके छापलेले असायचे. तीन ओळी, ओळीत तीन ठिपके. गिऱ्हाईक फोन दुरुस्तीला टाकायचं, मी नाव-नंबर लिहायचो, बिघाड लिहायचो आणि पेन त्याच्या हातात द्यायचो. "पॅटर्न काढून द्या." ते ठिपके जोडायचं. सुरुवात कुठून हे नंतर कळावं म्हणून मी पहिल्या ठिपक्याभोवती गोल करायचो. पिन असेल तर शेजारी आकडे लिहायचो. मग वरचं पान फाडून गिऱ्हाइकाला, कार्बनखालचं माझ्याकडे.

सांगलीत मी बावीस वर्षं मोबाइल दुरुस्त केले. आता दुकान भाचा बघतो. मागच्या दिवाळीआधी माळा आवरताना जुनी जॉबबुकं निघाली. सदतीस होती. रद्दीत घालायची म्हणून खाली काढली आणि चाळायला बसलो, तर घालवेना. एकेका पानावर एकेका माणसाच्या घराची किल्ली होती. बरेच जण अजून तोच पॅटर्न वापरत असतील. दोन दिवस सकाळच्या आंघोळीच्या बंबात मी ती सगळी जाळली. जाळताना काही पानांशी हात थांबला. त्याच पानांबद्दल हे लिहितो आहे.

दुकान काढलं २००२ साली. तेव्हा फोनचं लॉक म्हणजे कीपॅड लॉक. खिशात बटण दाबलं जाऊ नये एवढ्यापुरतं. नोकियाच्या फोनांना सिक्युरिटी कोड असायचा, पण कारखान्यातून आलेला १२३४५ सहसा कुणी बदलत नसे. बदलायची गरजही वाटायची नाही. फोनमध्ये शे-दोनशे नंबर आणि थोडे मेसेज, याच्यापलीकडे काही नसायचं.

अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ साली जगाच्या बाजारात आला, आणि नऊ ठिपक्यांचं लॉकही त्या सुमारालाच आलं. आमच्या काउंटरवर ते दिसायला लागलं २०११-१२ पासून. कमीत कमी चार ठिपके जोडायचे, एक ठिपका दोनदा घ्यायचा नाही. हिशेबाने असे ३,८९,११२ पॅटर्न होतात. चार आकडी पिन होतात १०,०००. म्हणजे ठिपके जवळपास चाळीस पट भक्कम ठरायला हवेत. पण माझ्या जॉबबुकांत लाखो पॅटर्न कधीच नव्हते. एल, झेड, एन, यू, एक चौकोन आणि स्वतःच्या किंवा पोराच्या नावाचं इंग्रजी पहिलं अक्षर. यात निम्मी सांगली बसायची. बहुतेकांची रेघ डावीकडच्या वरच्या ठिपक्यापासून निघायची, पाटीवर लिहायला घेतो तशी. पुढे वाचनात आलं की नॉर्वेतल्या एका विद्यार्थिनीने २०१५ मध्ये प्रबंधासाठी चार हजारांच्या आसपास पॅटर्न तपासले, तर त्यातले ४४ टक्के त्याच एका कोपऱ्यातून सुरू होत होते. माझी जॉबबुकं कितीतरी वर्षं मला तेच सांगत होती.

मला ते दिसत होतं, आणि त्याचा मला अभिमान वाटत होता. कुणी पॅटर्न विसरून आलं की मी फोन टेबललॅम्पखाली धरून तिरका करायचो. काळ्या काचेवर बोटांच्या तेलाचे पट्टे उमटलेले दिसायचे. त्यात सगळ्यात ठळक पट्टा हाच पॅटर्न. शेंगदाणे-फुटाणे खात आलेल्या माणसाचा तर सरळ वाचता यायचा. मी तो मोठ्याने सांगायचो आणि फोन उघडायचा. दुकानात उभी असलेली माणसं वाहवा करायची. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्येच या डागांवर शोधनिबंध लिहिला होता. त्यांनी त्यात धोका दाखवला होता. मी त्याचा खेळ करून दाखवत होतो. जो फोन मी पाच जणांसमोर काच तिरकी करून उघडत होतो, त्याच्या मालकाला "रोज काच पुसत जा, हा पॅटर्न बदला" हे दोन शब्द सांगावेत, हे मला कधी सुचलं नाही.

पहिलं पान २०१७ सालचं. बारावी झालेली मुलगी, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. फोन पडून डिस्प्ले फुटला होता. मी नेहमीसारखं पेन पुढे केलं. तिने एकदा इकडेतिकडे बघितलं, पानावर डाव्या हाताचा आडोसा केला आणि सात ठिपक्यांचा पॅटर्न काढला. मधल्या ठिपक्यापासून सुरू होणारा. असा पॅटर्न क्वचित यायचा. तिने तो विचार करून ठेवला होता, हे मला तेव्हाही कळलं होतं. मी पहिल्या ठिपक्याला गोल केला, पान फाडलं, घडी घालून तिला दिलं. संध्याकाळी सहाला या म्हणालो.

सहाला तिचा क्लास होता. तिने पावती भावाकडे दिली. भाऊ आला, पैसे दिले, फोन घेऊन गेला. पावतीवर नाव होतं, रक्कम होती, आणि खाली उजव्या कोपऱ्यात तिच्या हाताने काढलेला पॅटर्न, मी मारलेल्या गोलासकट.

महिना-दीड महिन्याने ती आईबरोबर आली. साधा बटणाचा फोन हवा होता. आई किंमत विचारत होती, ही काचेच्या कपाटाकडे बघत उभी होती. मी सहज विचारलं, "आधीच्या फोनचं काय झालं गं?" ती काही बोलली नाही. आई शेजारच्या दुकानात सुट्टे आणायला गेली तेव्हा ती एकच वाक्य बोलली. "काका, पॅटर्न मी तुम्हाला दिला होता. दादाला नव्हता दिला."

भावाने वाटेतच फोन उघडला होता. वर्गातल्या एका मुलाशी केलेलं बोलणं होतं, आणि पुण्याच्या एका कॉलेजची, तिथल्या वसतिगृहाची चौकशी होती. घरात कुणाला न सांगता ती तिकडे जायचं बघत होती. घरात जे व्हायचं ते झालं. कॉलेज बंद झालं. पुढच्या वर्षी तिचं लग्न झाल्याचं कानावर आलं.

मी स्वतःची समजूत घातली होती की घरच्या माणसाने फोन बघितला, त्यात माझा काय संबंध? डिस्प्ले चांगला बसवला, पैसे योग्य घेतले. पण कुणी विचारलं असतं की तिचा पॅटर्न लागलाच कशाला, तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. डिस्प्ले बदलल्यावर टच चालतो की नाही हे बघायला लॉक उघडावं लागत नाही. इमर्जन्सी कॉलच्या पडद्यावरचे आकडे दाबून कळतं. फार तर गिऱ्हाईक फोन न्यायला येईल तेव्हा त्याच्याच हाताने उघडून बघता येतं. आता तर काही कंपन्यांच्या फोनांत दुरुस्तीपुरता वेगळा मोड असतो. तो लावला की कारागिराला फोटो, मेसेज काही दिसत नाही. मी पॅटर्न मागत होतो कारण जॉबबुकावर ठिपके छापलेले होते. छापखान्यात तो नमुना पहिल्यांदा मीच पसंत केला होता.

त्यानंतर मी एवढंच केलं की पावती फाडून झाल्यावर पॅटर्न फक्त खालच्या पानावर काढून घ्यायला लागलो. ठिपके तसेच राहिले.

दुसरं पान महापुरानंतरचं. २०१६ नंतर बोटाचं लॉक स्वस्त फोनांत आलं आणि मी दिसेल त्याला सांगायला लागलो, "बोट लावा, कटकट नाही." माणसं खूश होती. पण बोट नोंदवताना फोन आधी पिन किंवा पॅटर्न ठरवायला लावतो, कारण बोट ही वरची सोय असते आणि खालचं खरं कुलूप तो पिनच असतो. फोन बंद करून चालू केला, की पहिल्यांदा बोट चालत नाही. पिन दिल्याशिवाय आतली माहिती उलगडतच नाही. अँड्रॉइड तर अधूनमधून आपण होऊनही पिन मागतो. हे गिऱ्हाइकाला समजावून सांगायला पाच मिनिटं लागली असती. मी ती वाचवली. वयस्कर माणूस असला की विचारायचोसुद्धा नाही. त्याच्या मोबाइल नंबरचे शेवटचे चार आकडे पिन म्हणून टाकायचो आणि म्हणायचो, "नंबर तर पाठ आहे ना? झालं मग."

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. पाणी ओसरल्यावर दुकानाबाहेर टेबल टाकून मी बसलो. माणसं डब्यांतून, पिशव्यांतून फोन घेऊन यायची. काहींचे तांदळात पुरलेले. उघडायचे, चिखल काढायचा, बोर्ड धुवायचा, ब्लोअरने सुकवायचा. जो फोन सुरू व्हायचा तो पहिल्यांदा पिन मागायचा, आणि समोरचा माणूस माझ्याकडे बघायचा. "बोट लावत होतो हो मी." मग मी त्याचा नंबर विचारायचो, शेवटचे चार आकडे दाबायचो, फोन उघडायचा. लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्या आठ दिवसांत मला वाटलं, आपली पद्धत किती योग्य होती.

त्यात एक निवृत्त गुरुजी होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवलेले. त्यांचा जुना फोन पुरात गेला, म्हणून नवा मीच दिला. बोट लावलं, पिन टाकला शेवटच्या चार आकड्यांचा. पेन्शनचं खातं यूपीआयला जोडून दिलं, त्याचाही पिन तोच ठेवला. दोन पिनांचा गोंधळ नको म्हणून. फोन विसरला तर परत मिळावा म्हणून मागच्या कव्हरवर एक चिठ्ठी चिकटवली. त्यांचं नाव आणि मोबाइल नंबर. माझ्याच अक्षरात.

२०२० च्या जानेवारीत मिरज स्टेशनवर गर्दीत त्यांचा फोन गेला. ज्याने घेतला त्याला काहीच शोधावं लागलं नाही. त्याने काय काय करून बघितलं ते मला माहीत नाही, पण फोनची किल्ली आणि तिजोरीची किल्ली एकच होती, आणि ती मी फोनच्या पाठीवर लिहून ठेवली होती. गुरुजी दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे आले. तेव्हाही मी आधी सिम बंद करायला लावलं नाही. अर्धा तास त्या नंबरला फोन लावत बसलो, कुणी उचलेल या आशेने. बँकेत पोहोचलो तोवर ३८,००० रुपये गेलेले होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बाजूला ठेवलेले. ऑपरेशन लांबलं, मार्चमध्ये टाळेबंदी लागली, आणि मग ते जवळपास दीड वर्ष झालं नाही.

आज कुणी असं आलं तर पहिल्या मिनिटाला सिम आणि बँक बंद करायला सांगतो, १९३० ला फोन लावून देतो, आणि संचार साथीवर हँडसेट ब्लॉक करायची नोंद करून देतो. तेव्हा १९३० आणि संचार साथी सुरूच झालं नव्हतं, आणि बाकीचं मला ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नसण्याने ते पैसे गेले नाहीत. ते गेले मी ठरवलेल्या चार आकड्यांमुळे.

मी गुरुजींना पैसे भरून देतो म्हणालो. त्यांनी हात आडवा केला. म्हणाले, "मी चौतीस वर्षं पोरांकडून पाढे पाठ करून घेतले. तिसाचा पाढा आजही म्हणतो. मला चार आकडे लक्षात राहणार नाहीत, हे तुम्ही कशावरून ठरवलंत?"

याचंही उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी त्यांचे पांढरे केस बघितले होते. विचारलं काहीच नव्हतं.

तिसरं पान जाळायला मला सगळ्यात वेळ लागला. मे २०२१. कोरोनाची टाळेबंदी होती, शटर अर्धंच उघडं ठेवत होतो. एक बाई आल्या, पस्तिशीच्या असतील. हातात प्लास्टिकची पिशवी. त्यात घड्याळ, चष्मा आणि फोन. दवाखान्यातून मिळालेली पिशवी होती ती, अजून तशीच. त्यांनी फोन काढून काउंटरवर ठेवला. "भाऊ, ह्यांचा फोन चालू करून द्या."

बॅटरी संपलेली होती. चार्जिंगला लावला, फोन सुरू झाला, नऊ ठिपके आले. त्यांना पॅटर्न माहीत नव्हता. मी माझे ठरलेले पॅटर्न काढत गेलो. एल, झेड, नावाचं पहिलं अक्षर. पाच चुकल्यावर फोन तीस सेकंद थांबायला लावतो. पुन्हा चुकीचे काढले, पुन्हा थांबलो. बाहेर आणखी दोघं उभे होते आणि अकराला शटर ओढायचं होतं. मी म्हणालो, "लॉक तोडावं लागेल. तीनशे रुपये होतील." त्या म्हणाल्या, "काय लागेल ते करा. पण चालू करून द्या."

आमच्या धंद्यात फोन चालू करणे म्हणजे फोन वापरायजोगा करणे. लॉक तोडणे म्हणजे पुसून कोरा करणे. इतक्या वर्षांत हे शब्द मी इतक्यांदा बोललो होतो की त्यांचा दुसरा काही अर्थ होतो हेच विसरलो होतो. त्या बाई म्हणत होत्या की नवऱ्याचा फोन मला बघायचाय. मी ऐकत होतो की हँडसेट वापरात आणायचाय.

मी फोन बंद केला, आवाजाचं आणि पॉवरचं बटण एकत्र दाबून धरलं. काळ्या पडद्यावर बारीक अक्षरांची यादी आली. "वाइप डेटा"वर आलो. फोनने विचारलं, नक्की? मी हो केलं. ते सगळं व्हायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

फोन सुरू झाला आणि त्याने नव्या फोनसारखं विचारलं, भाषा कोणती? पुढे जाऊन तो थांबला. आधीचा पॅटर्न काढा, नाहीतर आधीचं गूगल खातं द्या. पुसलेला फोन चोराला वापरता येऊ नये म्हणून २०१५ पासून अँड्रॉइडमध्ये ही अट आहे. मला ती पक्की ठाऊक होती. मी विचार केला होता की ते नंतर बघू.

त्यांनी विचारलं, "फोटो कुठायत?"

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आता आठवत नाही. एवढं आठवतं की त्यांनी फोन परत पिशवीत घातला, चष्म्याशेजारी, आणि तीनशे रुपये काउंटरवर ठेवले. मी ते परत केले.

चार दिवसांनी त्या पुन्हा आल्या. बरोबर नऊ-दहा वर्षांची मुलगी होती. आई म्हणाली, "हिला काहीतरी सांगायचंय." मुलगी म्हणाली, "मला येतो बाबांचा पॅटर्न." आणि तिने काउंटरच्या काचेवर बोटाने काढून दाखवला. मी पिशवीतला फोन घेतला आणि त्या अटीच्या पडद्यावर तो काढला. फोनने मान्य केला. फोन उघडला, आत काहीच नव्हतं.

मुलगी म्हणाली, "मला कुणी विचारलंच नाही."

तिच्या बाबांचं सिम अजून चालू होतं. त्यावरून पुढे गूगल खातं उघडून दिलं. २०१८ सालापर्यंतचे थोडे फोटो मिळाले. नंतरचा बॅकअप बंद होता. दवाखान्यात शेवटचे पाच दिवस त्यांना बोलता येत नव्हतं, पण फोन हाताशी होता. त्यांनी त्यात बायकोसाठी, मुलीसाठी काही लिहून ठेवलं होतं का? ते आता कुणालाही कधी कळणार नाही. ती जागा कायमची कोरी आहे, आणि कोरी मी केली.

मी काय करायला हवं होतं ते फार अवघड नव्हतं. "काय हवंय तुम्हाला यातलं?" एवढा एक प्रश्न. आणि मग एक खरं वाक्य, की पॅटर्नशिवाय आतलं काढणं माझ्या हातात नाही, घाई करू नका, घरात सगळ्यांना विचारा, मुलांना विचारा, फोन कपाटात राहू द्या. गूगलच्या खात्यात २०१३ पासून आणि आयफोनमध्ये २०२१ च्या अखेरीपासून आपल्यामागे आपली माहिती कुणाला मिळावी हे आधीच ठरवून ठेवता येतं. गूगलचंही मी तोवर एकाही गिऱ्हाइकाला सांगितलेलं नव्हतं. मी फक्त चोराचा विचार केला होता. घरातल्या माणसाला कधी तरी आत यायची गरज पडेल, हा विचारच माझ्याकडे नव्हता.

त्यानंतर मी काही गिऱ्हाइकांना आपण होऊन फोन करायला लागलो. ज्यांचं लॉक मी माझ्या मनाने टाकलं होतं त्यांना. त्यात मार्केट यार्डात हळदीच्या गोदामात कामाला असणाऱ्या एक मावशी होत्या. त्यांचा नंबर लावला तर दोन-तीन दिवस उचललाच नाही, म्हणून यार्डात गेलो.

२०१८ साली मी त्यांना फोन दिला होता. लेक इचलकरंजीला, तिच्याशी बोलायला. बोट लावायला घेतलं तर लागेना. दहाही बोटं करून बघितली. वर्षानुवर्षं हळद निवडून आणि पोती ओढून बोटांच्या टोकांची कातडी गुळगुळीत झाली होती. त्या म्हणाल्याही होत्या, "रेशनला बी माझा अंगठा उमटत न्हाई, बाबा." मी ते ऐकून सोडून दिलं. त्यांचा नातू शेजारी उभा होता, पाचवी-सहावीतला. मी त्याचा अंगठा नोंदवला, खालचा पिनही त्यालाच सांगितला. "घरचाच आहे की."

यार्डात मला कळलं, मावशी फोन उघडायला शाळेत जातात. लेकीला फोन करायचा असला की मधल्या सुट्टीच्या वेळेला जाऊन शाळेच्या फाटकाशी उभ्या राहतात. नातू पळत येतो, जाळीतून हात घालून अंगठा ठेवतो, आणि त्या तिथेच झाडाखाली बोलून घेतात. शाळा बंद होत्या तो काळ सोडला, तर २०१८ पासून असंच चाललं होतं. रविवारी आणि सुट्टीत सोपं पडायचं, म्हणाल्या. तक्रार म्हणून सांगत नव्हत्या. फोन असाच असतो, असं त्यांना वाटत होतं.

मी त्यांना घेऊन दुकानात आलो. या वेळी विचारलं, "मावशी, आकडे वाचता येतात?" त्या म्हणाल्या, नाही. मग नऊ ठिपके दाखवले. त्यांनी पडदा जवळ घेतला आणि म्हणाल्या, "ही तर रांगोळीची ठिपकी. तीन ते तीन."

चाळीस वर्षं दारात रांगोळी घालणाऱ्या हाताला ठिपके जोडायला मी काय शिकवणार होतो? मी फक्त एवढं सांगितलं की बोट उचलायचं नाही, एका ठिपक्यावर दोनदा जायचं नाही, आणि सगळे काढतात तसं वरच्या कोपऱ्यातून सुरू करायचं नाही. मग फोन त्यांच्या हातात दिला आणि म्हणालो, "आता मला दाखवू नका." मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. मागे थोडा वेळ काही आवाज नव्हता. एकदा फोन थरथरला, म्हणजे चुकलं. पुन्हा थरथरला. मग लॉक उघडल्याचा बारीक आवाज आला, आणि मावशी म्हणाल्या, "उघडलं की." लगेच त्यांनी लेकीला फोन लावला. मंगळवार होता, सकाळचे साडेदहा वाजले होते.

बावीस वर्षं मी लोकांना कुलपं लावून दिली. माझी चूक दर वेळी एकच होती. कोणतं लॉक भक्कम, कोणतं सोयीचं, याचा विचार मी केला. ते ज्याचं आहे त्याला विचारलं नाही. त्याची बोटं कशी आहेत, त्याला काय लक्षात राहतं, त्याला कुणापासून लपवायचंय आणि कुणाला आत येऊ द्यायचंय, हे फक्त त्यालाच माहीत असतं. एकाच घरात एकाला भावापासून दार बंद ठेवायचं असतं आणि दुसऱ्याला लेकीसाठी उघडं ठेवायचं असतं. ही निवड ज्याची त्याने करायची. शेजारच्या पोराने, दुकानदाराने, नातवाने ती करून दिली की किल्ली त्यांची होते.

भाच्याने यंदा नवी जॉबबुकं छापून घेतली. त्यात ठिपके नाहीत.

तुम्हाला एक विनंती आहे. आज रात्री जेवणं झाल्यावर फोन एकदा बंद करून चालू करा. बोट चालणार नाही, चेहरा चालणार नाही. पिन नाहीतर पॅटर्न मागेल. तो तुम्हाला आठवतो का, तो तुम्ही स्वतः ठरवला होता का, आणि तुम्ही नसलात तर ज्याला तो कळावा त्याला कळेल का, एवढं बघा. तिन्हीपैकी एकाचं जरी उत्तर नाही असेल, तर उद्यावर टाकू नका. घरात आई-वडिलांचा फोन असेल तर तोही त्यांच्या हातात द्या, त्यांना ठरवू द्या, आणि ते ठरवत असताना तुम्ही पाठ फिरवून उभे राहा.